पंचवीस एचपीचं जुनं एचएमटी बांधताना उलगडलेला खान्देशचा इतिहास



"घरी जुनं ट्रॅक्टर पडलंय, भंगारात देऊ की बांधून घेऊ?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं. आमच्या पारोळा भागात, तिकडे अमळनेर, धुळे, शिरपूरकडेही गोठ्याच्या मागे, लिंबाखाली अशी ट्रॅक्टरं उभी आहेत. कोणाचं एचएमटी, कोणाचं जुनं महिंद्रा बी-275, कोणाचं एका सिलेंडरचं आयशर. आम्ही घरचं एचएमटी झेटर 2511 दोन उन्हाळ्यांत टप्प्याटप्प्याने बांधलं. पहिल्या उन्हाळ्यात इंजिन आणि पंप, दुसऱ्यात क्लच, लिफ्ट, ब्रेक आणि वायरिंग. काम करताना एक गोष्ट लक्षात आली. हे ट्रॅक्टर पुन्हा चालू होऊ शकलं याला कारण आहे, आणि ते कारण समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं. म्हणून आज आधी इतिहास, मग दुरुस्ती.

सहा बैली नांगर

आपली काळी जमीन खोल. तिच्यात कुंदा आणि हरळी घुसली की साध्या लाकडी नांगराला दाद देत नाही. जुन्या माणसांना सहा बैली, आठ बैली नांगर आठवतो. एका घरी तेवढे बैल नसायचे, म्हणून सावड करायची. आज तुझं शेत, उद्या माझं.

त्यातला पहिला मोठा बदल ट्रॅक्टरने केलेला नाही, लोखंडी नांगराने केला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात नांगर बनवायला सुरुवात केली, पुढे 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले चाळीस नांगर विकायला दोन वर्षं गेली असं सांगतात. आज हसू येतं, पण शेतकऱ्याची शंका अगदीच खोटी नव्हती. लाकडी नांगर गावचा सुतार नीट करायचा. लोखंडी नांगराचा फाळ मोडला तर काय, हा प्रश्न त्याच्या मनात असणारच. सुटे फाळ आणि सुटे भाग मिळायला लागले तसा तो नांगर रुळला. नवीन अवजार गावात टिकतं ते दुरुस्तीच्या सोयीवर, हे तेव्हाही खरं होतं.

मोटेच्या जागी तेलावरचं इंजिन आलं तेव्हाही तेच झालं. साताऱ्याचं कूपर, पुण्याचं किर्लोस्कर, राजकोटकडची लिस्टर आणि पीटर पद्धतीची इंजिनं विहिरीवर बसली. एक सिलेंडर, मोठं फ्लायव्हील, हळू चाल. बिघडलं तर जागेवरच उघडायचं. आमच्याकडच्या कितीतरी मिस्तरींचा हात पहिल्यांदा विहिरीवरच्या इंजिनावर बसला आणि मग तो ट्रॅक्टरकडे वळला.

वर्षाला 880 ट्रॅक्टरं

स्वातंत्र्यानंतर सरकारने ट्रॅक्टर आणलं ते मुख्यतः पडीक जमीन मोडायला. मध्य भारतात कांस गवताने लाखो एकर जमीन अडवली होती. ती मोडायला केंद्रीय ट्रॅक्टर संघटना होती आणि त्या कामाच्या यंत्रांसाठी 1949 मध्ये जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचं कर्ज घेतलं होतं. ती यंत्रं अवजड होती, साध्या शेतकऱ्याला परवडणारी नव्हती.

देशात ट्रॅक्टर बनू लागलं ते 1959 पासून. जर्मनीच्या आयशरशी करार करून फरीदाबादला पहिलं बाहेर पडलं. मद्रासला टॅफेने मॅसी फर्ग्युसन घेतलं. मुंबईत कांदिवलीला महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून 1963 मध्ये कंपनी काढली, तिचंच पुढे बी-275 आलं. बडोद्याला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरवरून हिंदुस्थान ट्रॅक्टर निघालं. तरी 1961-62 साली अख्ख्या देशात बनलेली ट्रॅक्टरं होती 880. आज वर्षाला नऊ लाखांच्या पुढे विकली जातात. यावरून अंदाज करा, त्या काळी एका तालुक्याच्या वाट्याला काय येत असेल.

तुटवडा भरून काढायला परदेशातून ट्रॅक्टरं आली. रशियाचं डीटी-14, चेकोस्लोव्हाकियाचं झेटर 2011. शेतीची यंत्रं शेतकऱ्यापर्यंत पोहोचवायला राज्यात 1965 मध्ये महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळ स्थापन झालं. मागणी इतकी की 1971 मध्ये केंद्राने ट्रॅक्टरच्या वितरणावर आणि विक्रीवर नियंत्रण आदेश काढला. नंबर लावायचा आणि वाट बघायची. ज्याच्या दारी ट्रॅक्टर आलं त्याच्याकडे गाव बघायला जायचं, आणि ते दहा वर्षांत बदलण्याचा विचार कोणाच्या डोक्यात येत नव्हता.

ब्रनोहून पिंजोरला

आता आपल्या 2511 कडे येऊ. चेकोस्लोव्हाकियात ब्रनो शहरात बंदुकांचा मोठा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या ब्रेन गनच्या नावातला 'ब्र' या ब्रनोचाच. युद्ध संपल्यावर 1946 मध्ये तिथं ट्रॅक्टर बनू लागलं. कारखान्याच्या नावातलं पहिलं अक्षर 'झेट' आणि ट्रॅक्टरमधला शेवटचा 'ऑर', मिळून झेटर.

त्या लोकांनी एक शहाणपणाचं काम केलं. दोन, तीन आणि चार सिलेंडरचं असं एक कुटुंबच बनवलं: 2011, 3011, 4011. तिन्हींत जमेल तितके भाग सारखे. पुढे त्यांचीच सुधारित रूपं 2511, 3511 अशी आली. लहान ट्रॅक्टरचा भाग मोठ्याला चालतो, म्हणजे दुकानदाराला माल कमी ठेवावा लागतो आणि मिस्तरीला एक इंजिन समजलं की बाकीची समजतात. दुरुस्ती सोपी व्हावी ही गोष्ट कागदावर आराखडा काढतानाच धरली होती.

घड्याळवाल्या एचएमटीने 1971 मध्ये पिंजोरला, हरियाणात, हेच 25 एचपीचं ट्रॅक्टर बनवायला घेतलं. मूळ कंपनी 1953 ची, बंगळूरची, कारखान्यांना लागणारी यंत्रं बनवणारी. एचएमटी नावावर लोकांचा केवढा विश्वास, तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या निवडीच्या धानाला त्या घड्याळावरून एचएमटी नाव दिलं. तो तांदूळ आजही आपण खातो.

यात एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. त्याच काळात दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आपल्या इंजिनिअरांनी पूर्ण देशी 20 एचपीच्या ट्रॅक्टरचा आराखडा तयार केला होता. एचएमटीने काय बनवावं हा प्रश्न आला तेव्हा परदेशी झेटर निवडलं गेलं. देशी आराखडा पंजाब सरकारने उचलला आणि 1974 मध्ये मोहालीहून स्वराज 724 बाहेर पडलं. पुढे काय झालं ते शेतात दिसतंच. स्वराज आज जोरात आहे. एचएमटीचं ट्रॅक्टर तोट्यात जात जात अखेर ऑक्टोबर 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला.

कारखाना बंद पडला, पण ट्रॅक्टरं चालू राहिली. असं का, ते पुढे सांगतो.

सातबाऱ्यावरचा बोजा

ट्रॅक्टर दारी आलं तसं कर्जही आलं. 1969 मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, भूविकास बँक विहिरीला, पाइपलाइनला, ट्रॅक्टरला लांब मुदतीचं कर्ज द्यायची, आणि त्यासाठी जमीन गहाण. सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढायचा. आमच्या आबांनी 1979 मध्ये असंच कर्ज काढलं. हप्ता भरायला कपाशी, घर चालवायला ज्वारी. गावात भाड्याने नांगरट, रात्री मळणी, उन्हाळ्यात ट्रॉलीने शेणखत, असं करत ते फिटलं. सगळ्यांचं फिटलं नाही. राज्य सरकारने 2022 मध्ये भूविकास बँकेचं थकीत कर्ज माफ केलं तेव्हा कितीतरी घरांच्या सातबाऱ्यावरची ती जुनी नोंद निघायची वाट मोकळी झाली.

हे सांगायचं कारण एवढंच, की गोठ्यामागे गंजत पडलेल्या त्या लोखंडासाठी एका पिढीने जमीन गहाण टाकली होती. ते किलोच्या भावाने द्यायच्या आधी एकदा उघडून बघायला काय हरकत आहे?

हात कुठून आले

जळगावच्या जिनिंग-प्रेसिंग फॅक्टऱ्या आणि खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, भुसावळची रेल्वे. कापसाच्या आणि रेल्वेच्या या कामांनी खान्देशात फिटर, टर्नर, लोहार तयार केले. मिलमध्ये लेथ चालवलेला माणूस बाहेर पडून स्वतःची लेथ टाकायचा. गिरण्या बंद पडल्या, हात राहिले. आमचं इंजिन ज्यांनी बांधलं ते मिस्तरी सत्तरी पार केलेले, त्यांचे वडील गिरणीत फिटर होते. चष्मा लावून मायक्रोमीटर वाचतात, पण बोट फिरवून आधीच सांगतात, "दहा थौ गेलंय." त्यांचं एक बोलणं डोक्यात बसलंय: "लोखंड मरत नही भाऊ, माणूस इसरी जास."

उघडल्यावर काय बघायचं

आता कामाचं. क्रमाने सांगतो.

1. आधी कागद. आरसी बुक कुठंय? चासी नंबर आणि इंजिन नंबर जुळतो का? बँकेचा बोजा आरसीवरून उतरलाय का? शेतीचं ट्रॅक्टर कायद्याने बिगर-वाहतूक वाहनात येतं. नोंदणी 15 वर्षांची, मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. एमएच 18, एमएच 19 च्या आधीचा जुना तीन अक्षरी नंबर असेल तर आरटीओत जुनी नोंद आधी शोधून घ्या. कागद नसलेलं ट्रॅक्टर कितीही छान बांधलं तरी रस्त्यावर काढता येत नाही.

2. ओढून चालू करू नका. वर्षानुवर्षं उभं ट्रॅक्टर दुसऱ्याने ओढून चालू करायचा मोह होतो. रिंगा लायनरला चिकटल्या असतील तर रिंगा तुटतील, पिस्टनही जाईल. नोझल काढा, त्या भोकातून थोडं डिझेल आणि पातळ तेल सोडा, दोन-चार दिवस मुरू द्या. मग फ्लायव्हीलवरून हळूहळू मागेपुढे हलवा. फिरलं तर अर्धी लढाई जिंकली.

3. चेंबरचं तेल बघा. नट ढिला केल्यावर आधी पाणी आलं किंवा तेल दुधासारखं निघालं, तर पाणी आत शिरतंय. या इंजिनाचे लायनर सुटे असतात आणि त्यांच्या भोवतीच थंडाव्याचं पाणी खेळतं. खाली रबरी रिंग असते, ती कडक झाली की पाणी चेंबरमध्ये उतरतं. इथंच आराखड्याचा फायदा कळतो. लायनर झिजला तर ब्लॉक बोअर करायला न्यायचा नाही. जुना लायनर काढायचा, बसायची जागा खरवडून स्वच्छ करायची, नवा लायनर, नव्या रबरी रिंगा, नवं पिस्टन. लायनर ब्लॉकच्या वर सगळीकडे सारखा आलाय का हे डायल गेजने मोजून घ्या, नाहीतर हेडचं पॅकिंग पुन्हा जातं.

4. क्रँक. लेथवाल्याकडे मापून घ्या. झिज थोडी असेल तर ग्राइंडिंग करून दहा किंवा वीस थौच्या बेअरिंगा बसतात. आधीच जास्त थौ झालेली असेल तर तिथंच थांबून हिशोब करा.

5. पंप आणि नोझल. हे काम घरी करायचं नाही. डिझेल पंप कॅलिब्रेशन करणाऱ्याकडेच द्या, मिस्तरी कितीही चांगला असो. बंगळूरच्या मायकोने 1969 च्या सुमारास नाशिकला कारखाना टाकला आणि नोझल, इंजेक्टर आपल्या दारात बनू लागले. खेड्यातल्या माणसालाही नोझल म्हटलं की मायको आठवतं ते त्यामुळे. टाकी गंजली असेल तर आत बारीक खडी आणि डिझेल टाकून हलवून धुवा. नवा फिल्टर लावा. गंजक्या टाकीवर नवी नोझल म्हणजे पैसे पाण्यात.

6. हेड आवळताना मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. अंदाजपंचे नको. इंजिन चालू झाल्यावर पहिले 50 तास हलकं काम द्या, मग तेल आणि फिल्टर बदला.

7. ब्रेक, स्टिअरिंग, लाइट. लोक इंजिनावर सगळा पैसा लावतात आणि इथं हात आखडतात. दोन्ही ब्रेक सारखे लागले पाहिजेत, पेडलं जोडणारी कडी रस्त्यावर घातलेली पाहिजे. पीटीओच्या शाफ्टवर झाकण पाहिजेच. धोतराचा सोगा, साडीचा पदर, उपरणं, काहीही ओढून घेतं. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावा.

रंग सगळ्यात शेवटी. आधी रंग मारलेलं जुनं ट्रॅक्टर विकत घेताना दोनदा विचार करा.

आमचं आता काय काम करतं? फवारणीच्या पाण्याचा टँकर, मळणी, ट्रॉली, हलकी वखरणी. खोल नांगरट त्याला सांगत नाही, त्यासाठी मोठं भाड्याने आणतो.

पार्ट मिळतात का?

मिळतात. पिंजोरचा कारखाना बंद झाला, तरी लुधियाना-राजकोटकडचे छोटे कारखाने या इंजिनांचे लायनर, पिस्टन, बेअरिंगा, पॅकिंग बनवतात. जळगाव-धुळ्याच्या दुकानात नसलं तर मागवून देतात. कारण साधं आहे. हा भाग बनवायला कोणाची परवानगी, कोणाचा पासवर्ड लागत नाही. माप घेतलं की बनवता येतो. मोजता येतं आणि उघडता येतं, म्हणून कंपनी गेली तरी ट्रॅक्टर उरलं.

नव्या ट्रॅक्टरांचं तसं राहीलच असं नाही. 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना 1 जानेवारी 2023 पासून प्रदूषणाचे ट्रेम-4 नियम लागू झाले आणि त्यांत कॉम्प्युटरवर चालणारा डिझेलपुरवठा आला. धूर कमी झाला, हे चांगलंच. जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाही. जुन्या इंजिनाला धूर आहे, आवाज आहे, उन्हात डोक्यावर सावली नाही. पण सेन्सर बिघडला तर तो ओळखायचं यंत्र कोणाकडे असणार, हा प्रश्न खरा आहे. ऐन पेरणीत, मृगाचा पाऊस पडून वाफसा आलेला असताना, कंपनीचा माणूस येईपर्यंत चार दिवस थांबणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

अमेरिकेतले शेतकरी याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं भांडले. 2023 मध्ये कोलोरॅडो राज्याने कायदा केला, की शेतीयंत्राच्या कंपनीने दुरुस्तीची माहिती, भाग आणि हत्यारं शेतकऱ्याला आणि बाहेरच्या मिस्तरीला द्यायला हवीत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्यात शेतीची अवजारंही धरली आहेत, आणि डिसेंबर 2022 मध्ये त्याचं पोर्टल सुरू झालं. शेतकरी संघटना, कृषी विद्यापीठं आणि कृषी विज्ञान केंद्रांनी हा विषय लावून धरला पाहिजे. ट्रॅक्टर घेताना आपण एचपी विचारतो, ॲव्हरेज विचारतो, सबसिडी विचारतो. त्यातच आणखी एक विचारा: हे आमच्या तालुक्यातला मिस्तरी उघडू शकेल का?

बांधू की देऊ?

माझा ठोकताळा असा. कागद आहेत, ब्लॉक आणि गिअरचं घर फुटलेलं नाही, क्रँकमध्ये अजून जीव आहे, आणि तुमच्याकडे त्याला रोजचं हलकं काम आहे, तर बांधा. ब्लॉकला तडा आहे, कागदाचा पत्ता नाही, गिअर आणि इंजिन दोन्ही गेलंय, तर भावनेत अडकू नका. चांगले भाग काढून ठेवा, दुसऱ्याचं ट्रॅक्टर त्यावर उभं राहील, बाकीचं द्या. अंदाजपत्रक काढताना टायर धरायला विसरू नका, चार टायरांत अर्धं बजेट जाऊ शकतं.

आणि एक काम सगळ्यांनी करा. तुमच्या गावातल्या जुन्या मिस्तरीकडे एखादा आयटीआय झालेला पोरगा बसवा. मोबाइलवर बघून नट खोलता येतो, पण बोट फिरवून थौ ओळखायला शेजारी बसावं लागतं. आमच्या मिस्तरींकडे सध्या एकच शिकाऊ आहे. पूर्वी चार असायचे.

तुमच्याकडे कोणतं जुनं ट्रॅक्टर आहे, कोणत्या सालचं, कोणी आणलं, कशावर कर्ज काढलं होतं, घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून कळवा. पुढच्या वेळी डीटी-14 बद्दल लिहायचं मनात आहे. कोणाच्या शेतावर अजून उभं असेल तर सांगा, मी बघायला येतो.